मित्राकडे 'राहायला जाणं': वीकेंड, मुक्काम, वस्ती की अजून काही?

ऑगस्टच्या बँक हॉलिडेला (इंग्लंडमध्ये हा महिन्याचा शेवटचा सोमवार, म्हणजे शनिवार-रविवार धरून सलग तीन दिवस, स्कॉटलंडवाल्यांचा पहिल्या सोमवारी असतो म्हणून ते आपल्यात नाहीत) ऑफिसातल्या एका मित्राने आम्हा चौघांना त्याच्या आईवडलांच्या घरी बोलावलं. यॉर्कशायर डेल्समध्ये, सेटलच्या पुढे एक छोटं गाव, दगडी घर, मागे मेंढ्यांचं रान. पोचल्या पोचल्या मी आईला फोन लावला आणि म्हटलं, "अगं, मी मित्राकडे राहायला आलोय." पलीकडे एकदम शांतता. मग हळू आवाजात, "म्हणजे? जागा सोडलीस का रे? आणि सूनबाई कुठाय?"

घर सोडलेलं नाही, भांडण नाही, सूनबाई इथेच बसून केक खातेय, सोमवारी संध्याकाळी परत, हे सगळं समजावण्यात पाच मिनिटं गेली. तेव्हापासून हे डोक्यात घोळतंय. 'मामाकडे राहायला गेलो' म्हटलं तर कोणाचा गैरसमज होत नाही, पण 'ते ठाण्याला राहायला गेले' म्हटलं की डोळ्यांपुढे टेम्पोत चढवलेलं गोदरेजचं कपाट येतं. मामा असला की पाहुणा, गाव असलं की बिऱ्हाड. मित्र मात्र मधल्यामध्ये लटकतो.

तर मित्राच्या घरी दोन-तीन रात्री जाऊन, खाऊन-पिऊन, काहीही न करता लोळून यायचं, याला मराठीत काय म्हणाल? 'सप्ताहांत' नको प्लीज, तो शब्द मी फक्त पेपरात वाचलाय, आमच्या घरात तो कोणाच्या तोंडून आलेला नाही. आणि 'वीकेंड साजरा केला' पण नको, साजरं काहीच केलं नाही, तेच तर छान होतं.

---

'मुक्काम' आहे की सरळ. आमच्याकडे अजून एक आहे, 'वस्ती'. "पाव्हणं, आज वस्तीला ऱ्हावा." संध्याकाळी गावात येणारी शेवटची एसटी म्हणजे वस्तीची गाडी, ड्रायव्हर-कंडक्टर गावातच झोपणार आणि पहाटेची पहिली गाडी तीच. शब्द गोड आहे पण तुमच्या कामाचा नाही असं आता लिहिता लिहिता वाटतंय, कारण वस्तीत रात्र झाली म्हणून थांबणं असतं, नाइलाजाचं. मुक्कामात पण पुढचा प्रवास डोक्यात असतोच, वारीचा मुक्काम बघा, पहाटे तंबू उचलायचाच असतो.

---

> मुक्कामात पण पुढचा प्रवास डोक्यात असतोच

मग पत्त्यावर 'मु. पो.' कशाला लिहितो आपण? तिथे तर सात पिढ्या मुक्कामाला आहेत 😀

---

माझं मत जरा उलटं आहे. 'वीकेंड'ला मराठी शब्द शोधायचा हट्टच का, त्या शब्दाचा अर्थच मुळात हा आहे! 'नोट्स अँड क्वेरीज' नावाचं एक इंग्रजी नियतकालिक १८४९ पासून निघतं, वाचकच प्रश्न विचारणार आणि वाचकच उत्तरं देणार, म्हणजे त्यांची शब्दचर्चाच म्हणा. त्यात १८७९ साली एकाने कळवलं की स्टॅफर्डशायरमध्ये माणूस शनिवारी दुपारी काम संपवून घराबाहेर पडला आणि शनिवारची संध्याकाळ नि रविवार लांबच्या मित्रांकडे घालवायला गेला, की तो अमक्या ठिकाणी 'वीक-एंड' घालवतोय असं तिथे म्हणतात. म्हणजे बाकीच्या इंग्रजांनासुद्धा तेव्हा हा समजावून सांगावा लागत होता, आणि त्यात घरी बसून सिरीज बघणं कुठेच नाही, लांब जाणं आणि मित्र हे दोन्ही आत आहेत.

आणि हे शनिवार दुपारचं कुठून आलं तर गिरण्यांमधून. १८५० च्या फॅक्टरी कायद्याने कापडगिरण्यांतल्या बायकांचं आणि पोरांचं काम शनिवारी दुपारी २ ला थांबवायचं ठरलं, आणि हळूहळू अर्धा शनिवार रुळला. आपल्याकडे मुंबईच्या गिरण्यांत तेव्हा अख्खा रविवारसुद्धा मिळत नव्हता, नारायण मेघाजी लोखंडे आणि त्यांची मिल हँड्स असोसिएशन मागे लागली तेव्हा १० जून १८९० पासून रविवारची सुट्टी मिळाली. ज्याला आठवड्यात एकच दिवस हक्काचा, तो कुठे मित्राकडे राहायला जाणार? त्यामुळे तसा शब्द तयार झाला नाही तर नवल नाही. आपण राहायला जायचो ते मे महिन्यात, लग्नाला, नाहीतर गणपतीला.

बँक हॉलिडे त्यांचा १८७१ च्या कायद्याचा. जॉन लबक नावाच्या खासदाराने आणला, तो स्वतःच बँकर. लोक इतके खूश झाले की त्या दिवसाला 'सेंट लबक डे' म्हणायला लागले. बँकवाल्याला संतपद, आहे की नाही मजा.

---

पुरुषमंडळी, तुम्हाला शब्द सापडत नाही कारण तो आमचा आहे. 'माहेरपण'! उशिरा उठायचं, आयता चहा, "तू बस गं, मी बघते", जेवताना आग्रह, निघताना डबा. फक्त चार दिवसांचं असतं हे दोन्ही बाजूंना माहीत असतं म्हणून त्याची किंमत. मित्राच्या आईने कपसुद्धा विसळू दिला नसेल तर ते माहेरपणच झालं, इंग्लंडमध्ये होवो नाहीतर इस्लामपुरात.

एक सावधगिरीची सूचना. होस्टला 'यजमान' लिहिताना जपून. मी एकदा फॅमिली ग्रुपवर टाकलं, "आमच्या यजमानांनी मस्त बार्बेक्यू केला", तर सासूबाईंचा लगेच मेसेज, "त्याला कधीपासून यायला लागलं?"

---

मूळ प्रश्नकर्ता परत. माहेरपण एकदम पटलं, कारण कप खरोखर विसळू दिला नाही. फक्त पहिल्या दिवशी आमची फजिती झाली ती सांगतो, तीही शब्दाचीच आहे. मित्र म्हणाला होता 'टी' सहाला. आम्ही म्हटलं चहाच तर आहे, म्हणून वाटेत चार वाजता पबमध्ये भरपेट फिश अँड चिप्स हाणले. सहाला टेबलावर बघतो तर भली मोठी मीट पाय, कुस्करलेला बटाटा, वाटाणे, ब्रेड-बटर. उत्तर इंग्लंडात बऱ्याच घरांत संध्याकाळचं जेवण म्हणजे टी, आणि दुपारचं ते डिनर. आता यात हसण्यासारखं आपल्याला काही नाही, आपल्याकडे 'चहापोह्यांना' बोलावल्यावर कोणी चहा प्यायला जातं का? नंतर फ्रूट केक आला त्याच्याबरोबर वेन्स्लीडेल चीजचा तुकडा, हे दोन्ही एकत्र खायचं म्हटल्यावर बायकोने माझ्याकडे बघितलं, मग दुसरा तुकडा तिनेच मागितला.

आम्ही नेलेल्या नारळाच्या वड्या मात्र त्याच्या बाबांनी चहाच्या डब्याशेजारी लपवून ठेवल्या. आणि हो, सत्तरीच्या बाईंना नुसत्या नावाने हाक मारायची, ते तीन दिवसांत मला जमलं नाही, शेवटपर्यंत "एक्स्क्यूज मी"वर भागवलं. काकू म्हणता आलं असतं तर पहिल्या मिनिटाला मोकळा झालो असतो.

बाकी काय, रविवारी रिबलहेडचा २४ कमानींचा रेल्वेपूल बघून आलो, छान आहे. मला जास्त आवडले ते रानातले गडगे. माती-चुना काही नाही, नुसता दगडावर दगड, थेट आमच्या सिंधुदुर्गातल्यासारखे, फक्त जांभा नाही, चुनखडीचा करडा दगड. आणि मित्राच्या बाबांचं दिवसभर जे चाललेलं असतं, शेडमध्ये जा, एक खिळा काढ, टोमॅटोला काठी लाव, परत ये, त्याला ते 'पॉटरिंग' म्हणतात. मी लगेच म्हटलं, खुडबुड! त्यांना शब्द इतका आवडला की सोमवारी सकाळी "खुदबुद" म्हणतच बाहेर पडले.

मूळ शब्दाचं म्हणाल तर परत आल्यावर आईलाच विचारलं, की बाई तूच सांग, काय म्हणायला हवं होतं मी. ती भाजी निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "घरातून निघताना 'जातो' म्हणतोस का? 'येतो' म्हणतोस ना? मग तसंच. 'राहायला आलोय' काय, 'दोन दिवस राहून येतो' म्हणायचं. मी कशाला घाबरले असते?"