पोरांसाठी व्यसनमुक्तीचं काम गावात सुरू करायचंय. पैसा नक्की कुठल्या खात्याकडं असतो?

तासगावची_सदस्य

नमस्कार. मी तासगाव तालुक्यातल्या एका द्राक्षाच्या गावात ग्रामपंचायत सदस्य आहे, पहिलीच टर्म. गेल्या महिन्यात आम्ही बायकांनी शाळेमागच्या पाण्याच्या टाकीखाली झाडलोट केली. मावा बांधलेले प्लॅस्टिकचे तुकडे निघाले, ते तर रोजच दिसतात. पण पालापाचोळ्याखाली पंक्चरच्या सोल्युशनच्या अकरा ट्यूबा होत्या, पार पिळून चपट्या केलेल्या. शेजारी एक रुमाल, वाळून पापडासारखा कडक झालेला. कोपऱ्यात लाल दोऱ्यानं एक अक्षर भरलेलं. तसली साखळी टाक्याची भरणी आमच्या गावात एकच बाई करते. तिचा मुलगा नववीत आहे.

तो रुमाल मी पदराखाली धरून घरी आणला. कपाटात ठेवलाय. तिला दाखवायचा धीर होत नाही.

मला पोलिसांत जायचं नाही. आठवी ते दहावीच्या पोरांसाठी वर्षभर काहीतरी चालू राहावं, एवढंच म्हणणं आहे. त्यासाठी एका कार्यालयात गेले. त्यांनी दुसरीकडं पाठवलं. तिथं "हे आरोग्याचं काम" म्हणाले. तिसरीकडं शंभरभर माहितीपत्रकं हातात दिली. छटणीच्या दिवसांत बाग सोडून तीन हेलपाटे झाले. सरकार अशा कामाला पैसा ठेवतं का? ठेवत असेल तर तो कुणाच्या हातात असतो, आणि गावापर्यंत यायला कुठला कागद लागतो?

निवृत्त_लेखाशाखा (सातारा)

ताई, मी बावीस वर्षं अनुदानाच्या फायली हाताळल्या. तुम्हाला तीन दारं दाखवली कारण हा विषय खरोखरच तीन-चार खात्यांत वाटलेला आहे. प्रत्येक खातं आपला तुकडा सांभाळतं. सगळे तुकडे जुळवायचं काम मात्र शेवटी तुमच्यासारख्या माणसावर येतं, आणि हे मला नोकरीत असतानाही सलायचं.

प्रचार आणि प्रतिबंध सामाजिक न्याय विभागाकडं. राज्याचं २०११ चं व्यसनमुक्ती धोरण याच विभागाचं, आणि नशाबंदी मंडळाला अनुदानही इथूनच जातं. उपचार आरोग्य खात्याकडं. दारूचे परवाने, महसूल आणि चोरट्या दारूवरच्या धाडी राज्य उत्पादन शुल्ककडं. गुटख्याचं अन्न व औषध प्रशासन बघतं.

केंद्राचा पैसा वेगळ्या वाटेनं येतो. २०१८ पासून अमली पदार्थांची मागणी कमी करण्याचा राष्ट्रीय कृती आराखडा आहे. त्यातून व्यसनमुक्ती केंद्रं चालवणाऱ्या संस्थांना अनुदान मिळतं. संस्थेनं ई-अनुदान पोर्टलवर अर्ज करायचा असतो. मुलांनीच मुलांमध्ये जाऊन काम करायचं, असाही एक प्रकार या आराखड्यात आहे. तुम्हाला हवंय ते जवळपास हेच. पण ते नोंदणीकृत संस्थेला मिळतं, ग्रामपंचायतीला थेट नाही. म्हणून जिल्ह्यात असं काम करणारी संस्था आधी शोधा आणि "आमचं गाव घ्या" असं लेखी द्या.

तुमची पायपीट बहुतेक एका गोष्टीमुळं झाली असेल. समाजकल्याण नावाची दोन कार्यालयं असतात. एक जिल्हा परिषदेत, जिल्हा समाजकल्याण अधिकाऱ्यांचं. दुसरं राज्य शासनाचं, सहायक आयुक्तांचं. माणूस एकात जातो आणि कागद दुसऱ्याच्या कामाचा निघतो. अर्ज दोन्हीकडं द्या. तिसरी प्रत जिल्हाधिकाऱ्यांना, कारण नशामुक्त भारत अभियानाची जिल्हा समिती त्यांच्या अध्यक्षतेखाली असते. तिन्ही ठिकाणी आवक क्रमांक टाकून पोच घ्या. पोच नसलेला अर्ज नंतर कुणाला सापडत नाही, हे मी अनुभवानं सांगतोय.

आता पैशाचं. दारूवरचं उत्पादन शुल्क राज्याला वर्षाला वीस हजार कोटींच्या वर मिळतं. जून २०२५ मध्ये शुल्क वाढवलं तेव्हा आणखी १४ हजार कोटी धरले होते. हा सगळा पैसा तिजोरीत एकत्र होतो, आणि व्यसन रोखायला काय द्यायचं ते दरवर्षी अर्थसंकल्पात वेगळं ठरतं. कोषागाराला लेखाशीर्ष, म्हणजे अर्थसंकल्पात त्या खर्चासाठी ठरलेलं खातं, लागतं. ज्या कामाला लेखाशीर्ष नाही, त्याला रुपया सुटत नाही, काम कितीही चांगलं असो.

म्हणून गावानं आपल्या हातातल्या पैशापासून सुरुवात करावी, असं माझं स्पष्ट मत आहे. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. बऱ्याच गावांत ते कशावर तरी खर्ची पडतात. ग्रामसभेत ठराव घ्या आणि गावाच्या विकास आराखड्यात हे काम नावानिशी घाला. "जनजागृती" एवढंच लिहू नका, त्या शब्दावर बॅनर छापले जातात. आठवी ते दहावी, महिन्यातून दोन तास, समुपदेशकाचा प्रवासखर्च, असं लिहा.

मिरजेची_समुपदेशक

काकांनी वाटा दाखवल्या, मी मुलांबद्दल बोलते. सोल्युशन हुंगण्याला घरचे लोक "पोरखेळ" म्हणतात. २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत हुंगायच्या नशेचं प्रमाण मोठ्या माणसांपेक्षा लहान मुलांत जास्त निघालं. मुलांत १.१७ टक्के, मोठ्यांत ०.५८. बाकी कुठल्याच नशेत असं दिसलं नाही. ट्यूब स्वस्त, सायकलच्या दुकानात मिळते, आणि तोंडाला दारूसारखा वास येत नाही. मुलाच्या नाकाभोवती पुरळ किंवा बोटांना चिकट थर दिसतोय का, बघा. आणि कृपा करून त्याला मारहाण होऊ देऊ नका. हुंगलेल्या अवस्थेत घाबरून पळालं तर पोराचं हृदय अचानक बंद पडू शकतं.

ग्रामीण रुग्णालयात किशोरवयीनांसाठी मैत्री क्लिनिक असतं, तिथं समुपदेशक भेटतात. १४४४६ हा व्यसनमुक्तीचा टोल फ्री नंबर आहे. तंबाखूपुरतं म्हणाल तर शाळेपासून १०० यार्डांत विक्रीला बंदी आहेच. मुख्याध्यापकांना ती हद्द दाखवणारी पिवळी रेषा मुलांच्या हातून मारून घ्यायला सांगा.

कराडची_वहिनी

ताई, माझ्या मालकांची दारू सुटून सहा वर्षं झाली. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी सुरू केलेल्या परिवर्तन संस्थेचं काम आमच्या भागात लोक ओळखतात, पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून आहे. ते सगळं पडल्यानंतर उचलणारं. तुम्ही पडायच्या आधीचं बोलताय, म्हणून हे लिहावंसं वाटलं. शाळेत डॉक्टर बोलवा, पण एक सुटलेला माणूसही बोलवा. आमचे हे दोनदा हायस्कुलात गेले. पगाराच्या दिवशी पोरीच्या वह्यांचे पैसे कसे उडवले, ते सांगताना त्यांचा आवाज बसला. मागच्या बाकावरची पोरंसुद्धा मान वर करून ऐकत होती.

दारूचं दुकान हटवायचं असेल तर तो रस्ताही लक्षात ठेवा. २५ टक्के महिला मतदारांच्या सह्यांनी मतदान मागता येतं. पण आडवी बाटली, म्हणजे दुकान बंद करायची बाजू, जिंकायला एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं लागतात, नुसती झालेल्या मतांची निम्मी नाही. द्राक्षाच्या हंगामात तारीख घेऊ नका. बायका बागेत असतात.

आणि तो रुमाल तिला द्या. मला कुणी वेळेत सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

तासगावची_सदस्य

परवा गेले तिच्याकडं, दुपारी, घरात कुणी नसताना. रुमाल हातात दिला. तिनं तो उलगडला नाही, नुसता धरून बसली. मग म्हणाली, "आठ दिवस झालं, त्याचा भात खाली राहतोय ताटात. मला वाटलं, परीक्षेचं असंल." मंगळवारी आम्ही तिघं ग्रामीण रुग्णालयात जाऊन आलो. समुपदेशक मॅडमनी पुढच्या मंगळवारी परत बोलावलंय.

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेसाठी ठराव लिहिलाय, काकांनी सांगितलं तसा, तास आणि खर्चासकट. सूचक मी आहे. अनुमोदक कोण, असं ग्रामसेवक भाऊसाहेबांनी विचारलं तेव्हा तिनं स्वतःचं नाव सांगितलं. काका, अर्जाला ठरावाची झेरॉक्स चालते की भाऊसाहेबांच्या सही-शिक्क्याची नक्कलच जोडावी लागते?

निवृत्त_लेखाशाखा (सातारा)

सही-शिक्क्याचीच जोडा. चार नक्कला करून घ्या, एक घरी ठेवा.