मदत हवी आहे: युनिव्हर्सल क्रेडिटमधलं घरभाडं (स्लाव, यूके)

नमस्कार मंडळी. मावसभाऊ स्लावला वन-बेडमध्ये भाड्याने एकटाच राहतो, वय 32, आयएलआर (यूकेत कायम राहण्याची परवानगी) आहे. युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये (कमी उत्पन्नवाल्यांना मिळणारी सरकारी मदत) घरभाडं येतं, पण शेअर्ड घरातल्या एका खोलीच्या दराने. 35 च्या आतल्या एकट्याला तेवढंच देतात. बाकीचं पगारातून, आणि पगार तो केवढा!

आता त्याला पिप (आजारपण-अपंगत्वासाठीचा सरकारी भत्ता) सुरू झालंय, त्यातला डेली लिव्हिंगचा (रोजच्या कामांसाठीचा) भागही आहे. मग वन-बेडचा दर लागू होतो ना? युनिव्हर्सल क्रेडिटच्या ऑनलाइन खात्यातल्या जर्नलमध्ये नुसतं कळवायचं की पत्राचा फोटोही टाकायचा? पिप सुरू झाल्यापासूनचा फरक मिळतो का? कुणी केलं असेल तर सांगा.

'शेअरिंगमध्ये जा' हा सल्ला कृपया नको. घरी डायलिसिस आहे, पॅसेजमध्ये त्याच्या सामानाचे छातीइतके खोके रचलेत.