सोलर पंप घेऊ का? येमेनचं ऐकून धास्तावलोय

डाळिंबवाला, जत
दोन एकर डाळिंब, बोअर ४२० फूट. तासभर नीट चालतं, मग नळीतून नुसता फेस. लाईट रात्रीची, म्हणून सोलरचा विचार चाललाय. मेहुणा २०१५ च्या ऑपरेशन राहतमध्ये (युद्धातून भारतीयांना परत आणलं, ती मोहीम) येमेनहून परतलाय. तो म्हणतो, सोलरनं तिथलं पाणी आणखी खोल गेलं. खरंय का?

विट्याचा मास्तर
खरं आहे, पण अर्धं. २०१५ ला युद्ध भडकलं, डिझेल मिळेना, मिळालं तर परवडेना. मग शेतकरी सोलरकडं वळले. डिझेल जळताना जीव जळतो, माणूस पंप बंद करतो. उन्हाला बिल कुठाय? त्यात पीक 'कात'चं (पानातला नव्हे, ही कोवळी पानं गालात धरून चघळतात). पाणी भरपूर, पैसा रोख. आपला ऊसच म्हणा की! आणि आवरायला सरकार एक नाही.

डाळिंबवाला, जत
इथं तरी कोण आवरतंय? शेजारच्या आण्णांचे तीन बोअर आहेत. सांगायला गेलो तर चहा पाजून पाठवलं.

विट्याचा मास्तर
येरळा नदीवरचं बळीराजा धरण बघून या, आण्णांनाही न्या. वाळू विकून लोकांनी बांधलं. भूमिहीनालाही पाण्याचा वाटा, उसाला नाही, असं ठरवलं होतं. सोलर घ्या, पण टायमर लावून. आधी पंप रात्रभर बंद ठेवून पातळी मोजा.

डाळिंबवाला, जत
सुतळीला जुना नट बांधून सोडला. दोनदा केबलला अडकला. ओल लागली तिथपर्यंतची कोरडी सुतळी मोजली, पाणी ३१० फुटांवर. पंप ३८० वर आहे. आण्णा बघायला आले होते, आता सुतळी मागतायत.