अनुभव धागा : मशीन रुसलं होतं, की आपणच नको ते बटण दाबलं होतं?

पारिजात_७१

काल संध्याकाळी वरच्या मजल्यावरच्या काकू जिन्यातूनच हाका मारत आल्या. "अगं, मशीन मुकं झालंय. दिवे लागतायत, पण एक बटण ऐकत नाहीये. पाणी भरलंय, चादरी आत." वर जाऊन बघते तर पॅनेलच्या कोपऱ्यात एवढीशी किल्ली पेटलेली. खाली दोन बटणांच्या मध्ये तीच किल्ली छापलेली होती. दोन्ही एकदम दाबून धरली, मनात पाच म्हणेस्तोवर टुंग झालं आणि मशीन घुमायला लागलं. काकूंना मी एकदम इंजिनिअरच वाटले. चहा मिळाला, वर दोन बेसनाचे लाडू.

लाडू खाताना बाबा आठवले.

२०११ ची दिवाळी. त्याआधी आमच्याकडे दोन टबांचं सेमी ऑटोमॅटिक होतं, खटका फिरवला की कर्रर्र करत मागे यायचा, बस्स. बाबा एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले. घरी मेकॅनिक बोलावणं म्हणजे त्यांना स्वतःचा अपमान वाटायचा. नवीन मशीन येऊन तेरा दिवस झाले होते आणि ऐन फराळाच्या धबडग्यात ते अडलं. बाबांनी प्लग बघितला, टेस्टर लावला, नळ दोनदा उघडबंद केला आणि मग म्हणाले, "पेपर पसर." मागचा पत्रा काढला. स्क्रू लोणच्याच्या बरणीच्या झाकणात. चार तास चाललं होतं. आई चकल्या तळता तळता फक्त बघत होती, ते जास्त वाईट.

दुसऱ्या दिवशी कंपनीचा मुलगा आला, विशीतला असेल. त्याने मशीन बघितलं, पेपरवरचे उरलेले दोन स्क्रू बघितले आणि एक बटण दाबून धरलं. टिंग. "काका, चाइल्ड लॉक होतं." सील तुटल्याचं बिचाऱ्याने कुठे लिहिलं नाही. बाबा जेवताना एक शब्द बोलले नाहीत. रात्री अंथरूण घालताना म्हणाले, "एसटीत असलं काही नव्हतं."

सकाळी उठून बघते तर मशीनवर मेडिकलची पांढरी चिकटपट्टी, त्यावर बॉलपेनने, "किल्ली दिसल्यास हे बटण. पाच मोजा. घाई नको."

तुमच्याकडे झालंय का असं? लिहा.

चकलीचा_सोऱ्या

उरलेले दोन स्क्रू 😂😂 ते प्रत्येक घरात उरतात. आमच्याकडे मिक्सर, पंखा आणि सायकल तिन्हीचे एका डबीत आहेत.

नुसतीच_वाचक

पहिल्यांदाच लिहितेय. आमच्याकडे बोक्याने केलं होतं. मशीन गरम होतं म्हणून वरच झोपतो. टच पॅनेल आहे, त्यावर पंजा ठेवून झोपला असणार. मी अर्धा तास कस्टमर केअरचं संगीत ऐकलं, तो तिथेच बसून होता.

गोदाकाठ

लॉकडाउनमध्ये, एप्रिल २०२० असेल. मेकॅनिक येणार कसा? गल्लीच्या तोंडाशी बांबू बांधलेले. जावेच्या माहेरच्या ओळखीतल्या मेकॅनिकला व्हिडिओ कॉल लावला. तो म्हणाला, "ताई, कॅमेरा बटणांवर धरा." मी धरला. "तुमच्या नव्हे, मशीनच्या." कुर्त्याची बटणं दाखवत होते मी त्याला. अजून घरी तो विषय निघाला की सासरे उठून आत जातात.

लॉकच होतं अर्थात. लॉकडाउनमध्ये लॉक.

वऱ्हाडी_ठेचा

आमच्या इकडे लॉक नाही लागत बा, लाइटच जाते. मशीन अर्ध्यात बंद, कपडे पाण्यात, दार काही उघडून नाही राहिलं. बायको म्हणे तोड. म्या म्हटलं थांब जरा. लाइट आली तेव्हा दार आपोआप खट्ट करून उघडलं. तोवर माह्या हातात पेचकस होता, म्हणून श्रेय म्याच घेतलं.

मिस्त्रीकाका

बावीस वर्षं याच धंद्यात आहे, म्हणून थोडं लिहितो. मोबाइलवर लिहितोय, चुकभूल माफ.

लोक दोन वेगळ्या गोष्टी एक समजतात. बटणांचं लॉक वेगळं, दाराचं लॉक वेगळं. बटणांचं लॉक म्हणजे पोराटोरांनी मध्येच काही दाबू नये म्हणून. किल्ली, कुलूप नाहीतर बाळाचा चेहरा, यातलं एक चित्र कुठल्या तरी बटणापाशी असतं. ते दाबून धरायचं, कुठे तीन सेकंद, कुठे पाच, कुठे दोन बटणं मिळून. टिचकी मारून होत नाही. गिऱ्हाईक फोनवर सांगतं "दाबलं हो", आणि मला टक टक टक ऐकू येत असतं. आणि प्लग काढून काही होत नाही, बऱ्याच मशीनना लॉक लक्षात राहतं. लोक रात्रभर प्लग काढून ठेवतात आणि सकाळी तेच.

दाराचं लॉक हे पुढून दार असलेल्या मशीनला. आत पाणी असलं किंवा पाणी कढत असलं तर दार उघडणारच नाही आणि उघडूही नये. धुणं संपल्यावरही मिनिट-दोन मिनिटं थांबावं लागतं. पुष्कळ मशीनमध्ये त्या कुलपात एक छोटी गरम होणारी चकती असते. ती तापली की आतली पट्टी वाकून दार धरते, निवली की सोडते. निवायला वेळ लागतो. तेवढ्यात लोक हँडल ओढून तोडतात. हँडलचे पैसे मी घेतो.

पारिजात_७१

काका, बाबा असते तर तुमच्याशी दोन तास बोलले असते.

हापूस_नव्हे_पायरी

कोकणात पावसाळ्यात आमचं आपोआप लागायचं. जुलैमध्ये आठवड्यातून दोनदा. सासूबाई म्हणायच्या, जागा बदला, दिशा बरोबर नाही. दिशा बदलली. उत्तरेकडे तोंड करून सुद्धा लागायचंच.

मिस्त्रीकाका

@हापूस, बटण अडकत असणार. दमट हवा, वर तो सुगंधी निळा कंडिशनर ओतताना सांडतो, तो पॅनेलच्या फटीत जाऊन चिकट होतो. बटण आतच दबलेलं राहिलं की मशीनला वाटतं तुम्ही धरून ठेवलंय. ओल्या नव्हे, जेमतेम दमट फडक्याने पुसा, प्लग काढून.

हापूस_नव्हे_पायरी

कंडिशनर सासूबाईच ओततात. मी हे त्यांना सांगणार नाहीये, तुम्हीही सांगू नका.

शुद्धलेखन_समिती

एक शंका. "ते मशीन" की "ती मशीन"? वर सगळे "ते" लिहितायत. आमच्या लातूरकडे सर्रास "ती मशीन बिघडली".

चकलीचा_सोऱ्या

चालू असेल तर ती, बंद पडलं तर ते.

गोदाकाठ

आमच्याकडे "तुझं मशीन". बंद पडलं की माझं, चालू असलं की सगळ्यांचं.

ऱ्हाइनकाठची

आम्ही जर्मनीत आलो तेव्हाची गोष्ट. मशीन तळघरात, सगळ्या बिल्डिंगचं धुणं तिथेच. पॅनेलवर सगळं जर्मनमध्ये. मला तेव्हा "डांके" आणि "ब्रोट" एवढंच येत होतं. आठव्या महिन्याचं पोट घेऊन चार मजले खाली गेले, मशीन लावलं, परत आले. दीड तासाने गेले तर कपडे कोरडे. किल्लीचं चित्र पेटलेलं. मला वाटलं भाडं भरायचं राहिलं म्हणून घरमालकाने कुलूप घातलं!! रडतच वर आले. नवऱ्याने फोनवर शब्द वाचून दाखवायला सांगितला, मी अक्षरं वाचली, तो हसायला लागला. किंडरझिशरुंग. मुलांपासून सुरक्षा. मूल अजून पोटात होतं.

आणि तो रविवार होता. आमच्या घराच्या नियमात रविवारी मशीन लावायचंच नाही, शेजाऱ्यांना आवाज होतो म्हणून. खालच्या आजी दार उघडून उभ्या. मला वाटलं बोलणार आता. त्यांनी माझी टोपली उचलली आणि वर आणून दिली.

नुसतीच_वाचक

आई गं. आजी.

ताक_कण्या

तातडीचं आहे म्हणून इथेच विचारते, माफ करा. आत्ता, या क्षणी, आमचं बंद पडलंय. पुढून दाराचं. किल्लीबिल्ली काही दिसत नाही. तळाला पाणी दिसतंय काचेतून. दार घट्ट. आत नवऱ्याच्या दोन पँटी, पोराचा शाळेचा गणवेश, उद्या सोमवार. नंबर शोधला नेटवर, पहिला आला त्याला फोन लावला, तो म्हणतो दहा रुपये भरा आणि एक ॲप घ्या.

वऱ्हाडी_ठेचा

ॲप नका घेऊ ताई!!! फोन ठेवा पहिले. माह्या मेव्हण्याचे असेच गेले, फ्रिजसाठी.

गोदाकाठ

@ताक_कण्या कंपनीचा खरा नंबर मशीनच्या पुस्तकात किंवा वॉरंटी कार्डावर असतो, तोच लावायचा. नेटवर पहिला दिसतो तो कुणाचाही असू शकतो. पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला फोन करा, सायबरवाल्यांचा आहे.

ताक_कण्या

नाही भरले काही. ठेवला फोन. हात थरथरतायत. पण दार?

मिस्त्रीकाका

घाबरू नका. तुमचं बटणांचं लॉक नाही, पाणी बाहेर गेलेलं नाही म्हणून दार धरलंय. गरम पाण्यावर लावलं होतं का?

ताक_कण्या

नाही, साध्या.

मिस्त्रीकाका

मग ठीक. गरम असतं तर आधी निवू द्या म्हटलं असतं. प्लग काढा, नळ बंद करा. मशीनच्या पुढच्या बाजूला खाली कोपऱ्यात एक छोटी खिडकी असते, चमच्याच्या टोकाने उघडते. आत गोल बूच आहे, शेजारी बारीक नळी असेल तर आधी तिचं टोपण काढून पाणी सोडा. नळी नसेल तर बूच हळूहळू, अर्धा अर्धा आटा फिरवा. एकदम काढलंत तर सगळं घरात. खाली परात घ्या. मोठी.

शुद्धलेखन_समिती

ती मशीन आहे हे आता तरी सिद्ध झालं. एवढे नखरे.

पोहे_विथ_तर्री

हे वाचून शोरूमची आठवण आली. काकाने मशीन घेतलं, थेट डिस्प्लेचाच पीस, स्वस्तात. घरी दिवे छान लागतात, आकडे पळतात, गाणं वाजतं, पाणी येत नाही. आठवडाभर सगळे नळाला दोष देत होते. शोरूमवाल्यांनी डेमोवर ठेवलेलं ते तसंच दिलं होतं. काकू म्हणाल्या, तुमच्यासारखंच आहे, दिसायला सगळं चालू.

गोदाकाठ

काकूंना धाग्यावर आणा.

हापूस_नव्हे_पायरी

@पारिजात ती चिकटपट्टी अजून आहे का गं?

पारिजात_७१

मशीन २०२२ ला भंगारात गेलं. देताना नखाने काढायला गेले, तर अर्धीच निघाली. "घाई नको" तेवढं आलं. वहीत चिकटवलंय. भंगारवाला खाली हॉर्न वाजवत होता.

बेसन किती भाजायचं ते मात्र काकूंना विचारायचं राहिलं. माझे लाडू नेहमी टाळूला चिकटतात.

नुसतीच_वाचक

मंद आचेवर, रंग बदलून तूप कडेने सुटेपर्यंत. मग पाण्याचा एक हबका. दाणेदार होतात. घाई नको. (मुद्दाम नाही लिहिलं, सहज आलं)

ऱ्हाइनकाठची

इथलं बेसन फार बारीक, मी एक वाटी जाड रवा घालते. शिव्या देऊ नका.

चकलीचा_सोऱ्या

रवा????

ताक_कण्या

उघडलं!!!!! 🙏🙏 नळी होती काका. परात दोनदा भरली, तिसऱ्यांदा कुकरचं भांडं लावलं. बूच काढलं तर काय काय निघालं बघा: एक सेफ्टी पिन, पोराचा खोडरबर, दोन रुपयांचं नाणं, माझी एक हेअरपिन जिच्यावरून मी कामवाल्या मावशींना उगाच विचारलं होतं (उद्या सांगणार त्यांना), आणि कागदाचा लगदा. पाण्यात सोडवून बघितला. नाटकाची तिकिटं आहेत. दोन. फक्त "बाल्कनी" वाचता येतंय.

मिस्त्रीकाका

छान. आता बूच घट्ट लावा, नाहीतर पुढच्या वेळी फरशीवर तळं. महिन्यातून एकदा हे साफ करत जा. आणि खिसे तपासा.

वऱ्हाडी_ठेचा

थांबा काका. दोन तिकिटं?

गोदाकाठ

@ताक_कण्या तुम्ही इतक्यात नाटकाला गेला होतात का?

ताक_कण्या

नाही.

चकलीचा_सोऱ्या

मी सोऱ्या घेऊन बसलोय इथेच.

पोहे_विथ_तर्री

अहो, ऑफिसातल्या मित्रासोबत गेले असतील. किंवा तुम्हाला सरप्राइज असेल, तारीख अजून यायची असेल. लगेच काहीतरी डोक्यात घेऊ नका.

हापूस_नव्हे_पायरी

सरप्राइज असेल तर तिकिटं धुऊन टाकली हिने 😬

ताक_कण्या

तेच मनात आलं आत्ता. लगदा इस्त्रीखाली पेपरमध्ये ठेवलाय, तारीख दिसते का बघते. गणवेश परत लावलाय, फिरतोय. ते भाजी घेऊन येतायत, गेटचा आवाज आला. नंतर लिहिते.