ब्युरोक्रसी = नोकरशाही की प्रशासन?

दादरची_अनुवादक:
एका संस्थेच्या अहवालाचं भाषांतर करतेय, त्यात ब्युरोक्रसी हा शब्द पानोपानी आहे. मी सगळीकडे नोकरशाही लिहिलं तर साहेब म्हणतात हा शब्द शिवीसारखा वाटतो, प्रशासन करा. मला पटत नाहीये पण कारण नीट सांगता येत नाही. तुम्ही काय लिहाल?

मंत्रालय_निवृत्त:
ताई, प्रशासन म्हणजे कारभार आणि नोकरशाही म्हणजे तो कारभार चालवणारी उतरंड, कक्ष अधिकारी, अवर सचिव, उपसचिव अशी फाइल वर चढते, जो तो टिपणी लिहून सही करतो. समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबरनेही हा शब्द याच अर्थाने वापरलाय, नेमून दिलेलं काम, लेखी नोंदी, पदांची रचना. माझी बदली झाली तरी मी लिहिलेलं फाइलवर राहायचं, पुढचा माणूस तिथून काम सुरू करायचा, ही काय वाईट गोष्ट आहे का! शिवी म्हटलं की मला खरंच वाईट वाटतं.

शब्दवेडा_गिरगाव:
काका तुमचं बरोबर, पण साहेबांनाही अगदी चूक म्हणवत नाही. फ्रेंचमध्ये ब्युरो म्हणजे लिहायचं टेबल, पुढे ऑफिस, आणि ग्रीक क्रातोस म्हणजे सत्ता. अठराव्या शतकात हा शब्द गुर्ने नावाच्या फ्रेंच माणसाने काढला असं मानतात, तेही टीका करायलाच. आपल्याकडे आदिलशाहीत राज्य आदिलशहाचं, मग नोकरशाहीत कोणाचं ते शब्दच सांगतो. 1916 मध्ये टिळकांवर होमरूलच्या भाषणांसाठी राजद्रोहाची कारवाई झाली तेव्हा मुद्दा हाच होता की टीका बादशहावर नाही, नोकरशाहीवर आहे. जिनांनी बाजू मांडली आणि मुंबई हायकोर्टाने टिळकांच्या बाजूने निकाल दिला. एवढा इतिहास असलेला शब्द काढून प्रशासन टाकू नका प्लीज.

कुर्ला_स्लो:
जिथे नुसत्या उशिराबद्दल लिहिलंय तिथे मात्र दफ्तरदिरंगाई लिहा. 2005 चा राज्याचा कायदा याच नावाने ओळखतात, त्यात साधारणपणे कुठल्याही कर्मचाऱ्याकडे फाइल 7 कामाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये असं आहे. माझ्या आईच्या पेन्शनची फाइल एका ऑफिसात पाच महिने एकाच टेबलावर होती, मी रजा टाकून खेटे घालत होतो, त्याला नोकरशाही म्हटलं तर दोष सगळ्यांच्या माथी जातो, दिरंगाई म्हटलं की कोणाचं टेबल ते विचारता येतं.

दादरची_अनुवादक:
खूप आभार सगळ्यांचे. रचनेबद्दल असेल तिथे नोकरशाही, उशीर असेल तिथे दिरंगाई, आणि प्रशासन फक्त अ‍ॅडमिनिस्ट्रेशनला. उद्या साहेबांना टिळकांचा खटला सांगते.