पाच स्टार बघून फॅमिली कार घ्यायची का?

वाटसरू (धागाकर्ता):
घरात लहान मूल आहे, आईबाबा आहेत, त्यामुळे गाडी ठरवताना दोन महिने क्रॅश टेस्टचे व्हिडिओ नि रिपोर्ट हेच चाललंय. माझं मत असं झालंय की नुसते स्टार मोजू नयेत, रिपोर्ट उघडून मागच्या सीटचं काय झालं ते बघावं. टेस्टआधी डमीच्या (गाडीत बसवलेल्या माणसाच्या मापाच्या पुतळ्याच्या) डोक्याला, गुडघ्यांना रंग फासतात, म्हणजे कुठे आपटलं ते नंतर कळतं. एका व्हिडिओत गाडीचं तोंड पार चेपलं होतं पण दार हातानं उघडलं, वाटलं वाचला ड्रायव्हर, आणि मग स्टीअरिंगखाली डॅशबोर्डवर गुडघ्याच्या रंगाचा ठसा दाखवला. स्टारच्या आकड्यात तो ठसा दिसत नाही हो. तुम्हाला काय वाटतं?

रानवारा:
मला तर स्टार हा प्रकारच पटत नाही. युरोपात गाड्यांच्या क्रॅश टेस्ट घेणाऱ्या युरो एनकॅपने फियाट पुंटोला 2005 मध्ये 5 स्टार दिले आणि 2017 मध्ये 0, मूळ गाडी तीच! मग नक्की विश्वास कशावर ठेवायचा? शिवाय समोरून धडकेची ती जुनी टेस्ट 64 च्या स्पीडला, हायवेला 64 नं कोण चालवतं? चालवणारा सांभाळून चालवत असेल तर ते खरं सेफ्टी.

मीरा_के:
पूर्ण असहमत. पुंटो तीच राहिली पण मधल्या 12 वर्षांत परीक्षा कडक झाली, 2017 ला सेफ्टी असिस्टमध्ये, म्हणजे आपोआप ब्रेक वगैरे अपघात टाळणाऱ्या सोयींत, तिला 0 टक्के मिळाले. म्हणूनच स्टारच्या बाजूला टेस्टचं वर्ष बघायचं असतं. आणि 64 हा प्रत्यक्ष आदळतानाचा स्पीड आहे, शंभरनं जाणारा माणूसही आधी ब्रेक मारतोच ना. 90 नं आदळलात तर ऊर्जा जवळपास दुप्पट होते, मग जिचा सांगाडा 64 लाच डळमळला तिच्यात माझी माणसं मी तरी बसवणार नाही. सांभाळून चालवायचं म्हणाल तर समोरून चुकीच्या लेनमध्ये येणाऱ्याचं काय करणार?

जुनी_वाट:
माझा भरवसा जाड पत्र्यावर. जुन्या गाड्या ठोकल्या तरी पोचा यायचा फक्त, आताच्या कागदासारख्या चुरगळतात.

मीरा_के:
@जुनी_वाट, पुढचा भाग चुरगळायलाच हवा, धक्का तो खातो म्हणून केबिन शाबूत राहते. 2009 मध्ये अमेरिकेत आयआयएचएस या रस्तासुरक्षा संस्थेने 1959 ची शेवरोले बेल एअर आणि 2009 ची मालिबू समोरासमोर आदळवल्या होत्या. बेल एअरची केबिन ड्रायव्हरच्या अंगावर आली, मालिबूची जागच्या जागी. तो व्हिडिओ एकदा बघाच.

जुनी_वाट:
बघितला. केबिनचं मान्य. पण वजनाचा मुद्दा मी सोडत नाही, छोटी 5 स्टार आणि जड 4 स्टार समोरासमोर आल्या तर छोटीतल्यांनाच जास्त लागणार.

मीरा_के:
ते बरोबर आहे, समोरून धडकेचे मार्क एकाच वजनगटातल्या गाड्यांमध्येच ताडून बघायचे असतात.

रानवारा:
वर्षाचा मुद्दा पटला. पण एक सांगतो, टेस्टमधल्या डमींना बेल्ट लावलेला असतो. आमच्या नात्यात अपघात झाला, 5 स्टार गाडी, पुढचे दोघं चालत बाहेर आले, काकू मागे बिनबेल्टच्या, पुढच्या सीटवर आदळल्या नि खुब्याचं हाड मोडलं. वर्ष झालं, अजून काठी सुटली नाही. म्हणून स्टार स्टार केलं की माझं डोकं फिरतं.

वाटसरू:
रानवारा, वाईट वाटलं वाचून. काकूंना लवकर आराम पडो. माझा धागा याच मागच्या सीटसाठी होता. बेल्ट लावूनही तिथे फरक पडतोय, आयआयएचएसने 2022 मध्ये ड्रायव्हरमागे छोट्या बाईच्या किंवा 12 वर्षांच्या मुलाच्या मापाची डमी बसवली तर पहिल्या 15 छोट्या एसयूव्हींत फक्त 2 ना ‘गुड’ हा सगळ्यात वरचा शेरा मिळाला. पुढचे बेल्ट धडक बसताक्षणी आवळतात आणि मग छातीवर जास्त दाब येऊ नये म्हणून थोडे सैल सुटतात, मागे ही सोय बऱ्याच गाड्यांत नसते. उद्या शोरूमला मागच्या बेल्टला तो आवळणारा प्रिटेन्शनर आहे का ते विचारणारच, आणि बाळाची सीट सोबत नेतोय, आयसोफिक्सला (बाळाची सीट अडकवायच्या गाडीतल्या कड्यांना) तिथेच लावून बघणार, आई शेजारी बसल्यावर तिच्या बेल्टचं बक्कल हाताला येतं का तेही.