मुंबई–लंडन: साडेपाच तास की दहा?

मंडळी, नमस्कार.
सप्टेंबरअखेर सासूबाई आणि आप्पा पुण्याहून येतायत. काल तिकीट पाठवलं आणि लगेच आप्पांचा फोन: "दुपारी दीडला निघून संध्याकाळी सातला हीथ्रो? मग तू दहा तास काय म्हणत होतीस?" नेटवर दोन विमानतळांमधलं अंतर साधारण ७,२०० किलोमीटर दिसतंय. ताशी ९०० धरले तर आठच तास होतात. त्यांना नीट काय सांगू?
– हॅरोहून

ताई,
आधी घड्याळाचं सांगा. निघायची वेळ मुंबईची छापतात, पोचायची लंडनची. आपण इथे लंडनला सप्टेंबरात भारताच्या साडेचार तास मागे असतो. साडेपाच अधिक साडेचार, झाले दहा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी आपली घड्याळं मागे गेली की फरक साडेपाचचा, तेव्हा परतीचा हिशेब त्याप्रमाणे करा.

आता तुमचे ७,२००. हे गोलावर दोरा ताणून मोजलेलं अंतर. नातीच्या पृथ्वीगोलावर मी खरंच ताणून पाहिला. लंडनहून दोरा आधी जवळजवळ सरळ पूर्वेला जातो, मग जर्मनी, दक्षिण युक्रेन, काळा समुद्र, इराण, बलुचिस्तान करत मुंबईला उतरतो. युक्रेनचं आकाश फेब्रुवारी २०२२ पासून प्रवासी विमानांना बंद आहे. पाकिस्ताननं एप्रिल २०२५ मध्ये भारतीय कंपन्यांची वाट अडवली. म्हणजे दोऱ्यावरून कोण उडतंय? वळसा आलाच.

त्यात वरचं वारं पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतं, हिवाळ्यात तर फारच जोरात. जाताना ते पाठीशी असतं, येताना तोंडावर. म्हणून मुंबईला जाताना नऊ तास आणि येताना दहा. शिवाय तिकिटावरचे तास गेटपासून गेटपर्यंतचे असतात. धावपट्टीची रांग आणि उतरायची पाळी येईपर्यंत हीथ्रोवर घातलेल्या गिरक्या त्यातच धरलेल्या.
– वेंब्लीचे काका

गिरक्यांना अनुमोदन! गेल्या खेपेला खाली तेच तळं तिसऱ्यांदा दिसलं तेव्हा आमची आई म्हणाली, "अरे, हा रस्ता चुकलाय का?"

पण तुम्ही सगळे फक्त विमानाचंच मोजताय. पुणे ते मुंबईचा सहार विमानतळ दीडशे किलोमीटर, आणि मध्ये घाट. आमच्या बाबांना विमानापेक्षा लोणावळ्यानं जास्त दमवलं होतं. दीडचं विमान असेल तर पहाटे पाचला घर सोडायला सांगा. हीथ्रोचे सात म्हणजे पुण्याचे रात्रीचे साडेअकरा. मोजा: साडेअठरा तास! इमिग्रेशनची रांग वेगळीच.
– स्लाउहून

काका, स्लाउकर, आभार. आप्पांना सगळं वाचून दाखवलं. म्हणाले, "दोरा-बिरा ठीक आहे, पण एवढा वेळ बसायचं तर ती खिडकी बदल. कडेची सीट घे, मला सारखं उठावं लागतं." तेवढ्यात सासूबाईंनी फोन ओढून घेतला: "म्हणजे दशम्या दोन वेळच्या घेऊ ना?"
– हॅरोहून